जी वाजवला की भिंत बोलायची

पेटी वाजवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. भजनं, नाट्यगीतं, भावगीतांचे कार्यक्रम. पुढे कीबोर्ड आला, तोही वाजवला. त्यामुळे आमच्या ग्रुपमधला बेस गिटारवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय, सहज जमेल," आमची गायिका म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं.

क्लास बुधवार पेठेत, वाद्यांच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी मी हौसेने बोटं चालवून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही फार वाजवता."

"म्हणजे?"

"जागा दिसली की भरून टाकता. बेसवाल्याने जागा सोडायची असते. एकच सूर वाजवा, तो पूर्ण विरेपर्यंत ऐका. आणि वरचं काही ऐकू नका."

हे शेवटचं फार कठीण गेलं. माझा कान कायम गायकाच्या गळ्याला लागलेला. बोटांना फोड आले, मनगट धरलं, ते सोसवलं. पण कान खाली उतरेना. उतरला तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची घरघर. एवढे आवाज घरात कायम असतात आणि आपण त्यांच्यात निवांत झोपतो, याचंच नवल वाटायला लागलं.

आम्ही पुण्याजवळच्या मांजरीत राहतो, नव्या सोसायटीत, पाचव्या मजल्यावर. एका दुपारी रियाज करताना जाड तारेवर जी हा सूर वाजवला आणि पाठीमागची भिंत गुरगुरली. तार हाताने दाबली, तरी भिंत क्षणभर गुरगुरतच राहिली. दुसरे सूर वाजवले. काही नाही. पुन्हा जी. पुन्हा तेच.

बायकोने आधी भांडी हलवली, मग कपाट रिकामं केलं. शेवटी तिने भिंतीला तळवा लावला आणि चटकन मागे घेतला.

"अहो, हे आतून येतंय. नका वाजवू."

पण मी रोज तो सूर वाजवून पाहत होतो. गुरगुर हळूहळू बदलली. दात वाजावेत तसा कोरडा आवाज यायला लागला, तोही अगदी हलक्या वाजवण्याला.

क्लासमधल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गिटार ठीक आहे, सर. तिकडे काहीतरी सैल झालंय. बघून घ्या."

सोसायटीच्या चेअरमनना घरी बोलावून ऐकवलं. ते उठता उठता म्हणाले, "मग तो सूर वाजवू नका. बाकीचे आहेत की!"

त्या संध्याकाळी मी खिडकीतून वाकून बाहेर पाहिलं. आमच्या इमारतीला शोभेसाठी बाहेरून दगडी फरश्या चिकटवल्यात. आमच्या भिंतीवरच्या एका फरशीच्या कडेला काळी फट दिसत होती. बरोबर खाली बाक, आणि बाकावर रोजच्या तीन आजी गप्पा मारत बसलेल्या. मी खाली धावलो. बाक ओढून लांब नेला, त्या जागेभोवती दोरी बांधली. लोक हसले. कुणीतरी दोरी सोडून स्कूटर लावली. मी पुन्हा बांधली.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, बेस कव्हरमध्ये बंद होता. बायको चहा ओतत होती. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला. त्याची घरघर मला आधी छातीत जाणवली. भिंत गुरगुरली आणि मधेच गप्प झाली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग खालून आवाज आला.

दोरीच्या आत दगडाचे तुकडे पडले होते. स्कूटरची सीट चिरडलेली. माणूस कुणी नव्हतं.

चेअरमननी वरच्या उघड्या भिंतीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आपण जरा माझ्याकडे येऊन वाजवता का?"

त्यांच्यानंतर इतरांनी बोलावलं. मी बेस घेऊन आणि चेअरमन अ‍ॅम्पचा स्पीकर उचलून, असे आम्ही घरोघर फिरलो. मी एकेक सूर लांबवून वाजवायचो, घरातली माणसं श्वास रोखून भिंतीकडे पाहायची. बऱ्याच घरांत भिंत बोलली. बिल्डरने आधी टोलवाटोलवी केली, मग परांच्या बांधून सगळ्या फरश्या उतरवल्या.

फरश्या उतरल्या तरी खात्रीसाठी शेवटचं एक घर राहिलं होतं, बाकावरच्या एका आजींचं, दुसऱ्या मजल्यावर. तिथली भिंत गप्प राहिली. आजी सुटकेने हसल्या. मी सहज सगळ्यात खालचा सूर, ई, वाजवला. भिंतीतून काहीच आलं नाही. पायाखालची जमीन थरथरली.

चेअरमननी खाली पाहिलं. "पुन्हा वाजवा," ते म्हणाले.

माझा हात तारेवर होता. तो उचलवेना.

इंजिनिअर येऊन इमारतीची मोजमापं घेऊन गेलाय. रिपोर्ट यायचाय. तोवर आम्ही सगळे इथेच राहतोय.