मांजरांच्या किडन्या आणि बाबांचं गाऱ्हाणं

मी मांजरांच्या थुंकीवर पोट भरते, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. अगदीच खोटं नव्हतं. अंधेरीच्या एका औद्योगिक गाळ्यात आमची लॅब आहे. पर्शियन मांजरांची पैदास करून पिल्लं विकणारे लोक आमच्याकडे कापूस लावलेल्या काड्या पाठवतात. मांजराच्या गालाच्या आतून काडी फिरवायची, सुकवायची आणि कुरियर करायची. काडीला चिकटलेल्या पेशींमधून आम्ही डीएनए काढतो आणि एका ठरावीक जनुकात बिघाड आहे का ते बघतो. असला, तर त्या मांजराच्या किडनीत पाण्याचे फुगे धरतात, वर्षानुवर्षं वाढतात आणि शेवटी किडनीच्या जागी नुसते फुगेच उरतात. आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडे बिघाड असला तरी पुरतो. प्रत्येक पिल्लाला तो मिळायची शक्यता निम्मी.

हे काम मी बाबा आजारी पडायच्या आधीपासून करते, म्हणून इतक्या कोरडेपणाने लिहिता येतं. त्यांचे पाय सुजायला लागले म्हणून सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि मला पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही. तोच आजार, तोच जनुक. पर्शियन मांजरांमध्ये बिघाड एका ठरलेल्या जागी सापडतो, माणसांत घराण्यागणिक जागा बदलते, एवढाच काय तो फरक. घरी आल्यावर बाबांना हे समजावून सांगितलं तर ते आईला म्हणाले, "आयकलंस? मी पर्शियन."

मालवणच्या बाजूचा जन्म, सगळी हयात भांडुपात, आणि म्हणे पर्शियन. आम्ही हसलो. नंतर मुलुंडला डायलिसिस सुरू झालं तसं हसणं कमी होत गेलं. पाणी मापून, डाळ बेताची, मासे आई देईल तेवढेच. नारळपाणी मात्र साफ बंद. कोकणातल्या माणसाला नारळपाणी वर्ज्य करणं म्हणजे काय, हे तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीला कुणी सांगावं? बाबांनी तिच्याशी वाद घातला नाही. त्या काळात ते कुणाशीच वाद घालत नव्हते, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटायची.

किडनी कोण देणार, हा प्रश्न आमच्याकडे कुणी मांडला नाही, तो आपोआप चहाच्या वेळी येऊन बसला. आईचा रक्तदाब आणि वय आडवं आलं. माझ्या किडन्या सोनोग्राफीत स्वच्छ निघाल्या, पण बाळंतपणात लागलेली साखर मला सोडायला तयार नाही, म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. उरली धाकटी, माझी बहीण. ती पवईला एका ऑफिसात नोकरी करते आणि घरात तिचाच आवाज सगळ्यात मोठा. "माझी घ्या एक," ती म्हणाली. "दोन ठेवून काय लोणचं घालू?"

"आधी तुझी तपासणी," मी म्हटलं.

"ताई, तू ना मांजरांत राहून राहून मांजरासारखी झालीस. प्रत्येक गोष्ट आधी हुंगून बघायची."

आईलाही माझा राग आला. पोरगी आपणहून पुढे होतेय आणि ही तपासणीचं खुसपट काढतेय. पण शक्यता निम्मी होती, आणि ती पुसून टाकणं माझ्या हातात नव्हतं.

त्याच सुमारास मुलुंडच्या एका बाईंनी लॅबला फोन करून माझ्यावर आगपाखड केली होती. त्यांच्या मांजरीत बिघाड होता हे त्यांना ठाऊक होतं, पण तिच्या सगळ्याच्या सगळ्या पिल्लांतही आम्ही तो दाखवला होता. असं कसं होईल? चौकशी केली तर बाईंनी पिल्लं आईच्या अंगावर पीत असतानाच उचलून त्यांच्या तोंडात काडी फिरवलेली. पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असतात. पिल्लू वेगळं ठेवायचं, तोंड पुसायचं, थोडं थांबायचं आणि मग नमुना घ्यायचा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि कुणी ऐकत नाही. परत नमुने मागवले, तेव्हा त्यातली काही पिल्लं स्वच्छ निघाली. ही गोष्ट मी घरी रंगवून सांगितली होती. धाकटी खूप हसली होती.

तिच्या सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी बाबांनी देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालण्यात आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या नव्या रिक्षाला, सगळीकडे त्यांनाच बोलावणं. एरवी मराठी बोलणारा माणूस देवापुढे उभा राहिला की पक्का मालवणी व्हायचा. डायलिसिसने आवाज बसला होता, तरी त्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या म्होरे ठेवलेलो आसा. माझ्या धाकट्या चेडवाच्या तपासणीत सगळा साफ निघांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघी म्हणालो. गाऱ्हाण्याची रीतच तशी आहे. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं. हो आल्याशिवाय मागणारा पुढे सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला सोनोग्राफीच्या थंडगार खोलीत मी तिच्या उशाशी उभी होते. डॉक्टरांनी उजवी बाजू बघितली, मग डावी, मग पुन्हा उजवी. पाण्याच्या फुग्यांचे काळे गोल होते. लहान होते, पण दोन्हीकडे होते. चेहऱ्यावर काही दिसू नये असा मी खूप प्रयत्न केला. धाकटीने स्क्रीनकडे बघितलंच नाही, ती माझ्याकडे बघत होती.

रिक्षात ती म्हणाली, "ताई, ते पिल्लांसारखं झालं असेल ना? बाबांचं काहीतरी मिसळलं असेल. मी सारखी त्यांच्याजवळ असते, त्यांच्या ताटातलं खाते. काही दिवस लांब राहून परत करूया?"

ती खुळी नाही. तिला उत्तर माहीत होतं. तरीही तिने विचारलं, आणि मला तेव्हा माझ्या सगळ्या शिक्षणाचा वीट आला. "सोनोग्राफीत पेशी मिसळत नाहीत गं," मी म्हटलं. मिसळायचं ते तिच्या जन्माआधीच मिसळलं होतं, हे बोलले नाही. तिने माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

किडनीतल्या पेशीवर एक अगदी बारीक केस असतो. बाजूने पाणी वाहतंय की नाही, हे त्या केसामुळे पेशीला कळतं. जनुक बिघडला की केस जागेवर असतो, पण त्याला काही समजत नाही, आणि पेशी उगाच वाढत सुटते. लॅबमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे हौसेने सांगायचे. उंदरांमध्ये तो बिघडलेला जनुक पुन्हा चालू केला की फुगे ओसरतात आणि किडनी बरीचशी पूर्ववत होते, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. धीर द्यायला म्हणून मी ते बाबांना सांगितलं.

"उंदरांचं बरं चाललंय म्हणायचं," बाबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "धाकटीच्या वेळेपर्यंत माणसांचं येईल?"

"येईल," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही.

त्या रविवारी त्यांनी आईकडे पुन्हा नारळ मागितला. तपासणी तर होऊन गेली, आता कशाला, असं आई पुटपुटली, पण तिने दिला. आम्ही मागे उभ्या राहिलो. बाबांना उभं राहवत नव्हतं, तरी खुर्ची नको म्हणाले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या घराण्याची जी काय पिडा आसा, ती मी माझ्यावांगडा घेवन जातंय. माझ्या माघारी ती ह्या घरात ऱ्हवाची नाय, असा कर रे म्हाराजा. आणि माका आता जास्त दिवस थांबव नको."

ते थांबले. आता आम्ही बोलायचं होतं. आईने पदर तोंडावर दाबला होता. पिडा त्यांच्याबरोबर जाणार नव्हती, ती माझ्या शेजारीच उभी होती, आणि मी हो म्हणायचं ते त्यांनी लवकर जावं याला. बाबा पाठमोरे वाट बघत राहिले.

"व्हय म्हाराजा," धाकटी म्हणाली. अगदी स्पष्ट म्हणाली.

बाबांनी नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं, स्वतः प्याले नाहीत. नारळ आतून पांढराशुभ्र निघाला, कुठे डाग नाही. नारळ चांगला निघाला की देवाने ऐकलं, असं आमच्याकडे मानतात. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. नारळाची दोन्ही कवडं त्यांनी आमच्यापुढे धरली आणि म्हणाले, "बघा, साफ निघालो."