वासनेचा शिनेमा

माझ्या सासूबाईंनी, छबूबाईंनी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक फ्रेंच सिनेमा अर्धवट बघितला. उरलेला बघायचा म्हणून मी या घरात आल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, त्यांनी माझं डोकं खाल्लं आहे. लोकांच्या सासवा नातू मागतात, काशीला न्या म्हणतात. आमच्या सिनेमा मागतात, आणि मागून मागून कसला, तर लग्न झालेल्या बाईच्या मनात परका पुरुष भरतो, तो.

सासूबाई संगमनेरातल्या एका कॉलेजात झाडलोट करायच्या. शिक्षण चौथी, पण वाचायची खोड भारी. फळा पुसण्याआधी त्यावरचं सगळं वाचून घ्यायच्या. त्या मे महिन्यात कुणा हौशी प्राध्यापकांनी सभागृहात हा सिनेमा लावला आणि बाहेरच्या फळ्यावर ठळक लिहिलं, 'वासना आणि मोह : एका उन्हाळी सुट्टीची कथा'. आता प्राध्यापकांची वासना वेगळी आणि सासूबाईंची वेगळी. त्यांच्या माहेरी, घोडेगावाकडे, वासना म्हणजे गेलेल्या माणसाची राहून गेलेली इच्छा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना झाला की तिथली म्हातारी माणसं म्हणतात, वासना राहिली कशात तरी.

"म्या म्हनलं, कुनाची तरी वासना ऱ्हायली बिचाऱ्याची," त्या सांगतात. "काय ऱ्हायलंय ते बगावं तरी."

सिनेमाच्या मशीनवर आसाराम नावाचा कॉलेजचा वायरमन होता. त्यानं यांच्यासाठी दार फटीएवढं उघडं ठेवलं, आणि हातात केरसुणी धरून यांनी उभ्याउभ्या सिनेमा बघितला.

बघितला तो एवढाच. एक बाई नवऱ्याबरोबर, पोरांबरोबर सुट्टीला तळ्याकाठी आली आहे. महिनाभर खायचं, झोपायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं. शेजारच्या घराचं छप्पर नीट करायला एक माणूस येतो. बाई त्याच्याकडे बघते, तो बाईकडे बघतो, असं तासभर चालतं. मग एका दुपारी नवरा घोरत असताना तो माणूस होडी काठाला लावतो आणि हात पुढे करतो. बाई काठावरून पाण्यात काढलेल्या लाकडी फळीवर उभी. नेमके तेव्हाच प्राचार्यांनी दिवे लावले, मशीन बंद करायला सांगितलं आणि पोरांना घरी पिटाळलं.

"ती व्हडीत बसली का न्हाई गं?" हा प्रश्न मी भाकरी थापताना ऐकला आहे, पेपर तपासताना ऐकला आहे, बाळंतपणाच्या कळा देताना ऐकला आहे. पहिल्यांदा हसले, मग चिडले. एकदा वैतागून ठोकून दिलं, "नाही बसली. घरी गेली आणि स्वयंपाकाला लागली. संपला सिनेमा."

सासूबाईंनी लगेच पकडलं. "खोटं बोलाय लागलीस व्हय, सुकन्ये? तसलं त्वांड करून कुनी सैपाकाला जात न्हाई."

बरं, विचारायचं तर हळू विचारावं. 'वासनेचा शिनेमा' म्हणू नका, इथे त्याचा अर्थ वाईट होतो, हे शंभरदा सांगून झालं. तरी हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत खणखणीत आवाजात, "आमच्या सुकन्याला म्या कवाधरनं म्हनती, मला त्यो वासनेचा शिनेमा दाव." शेजारच्या राहीबाईंच्या हातातली कुंकवाची डबी तशीच राहिली. पुढे एकदा बाजारात गेल्या आणि परस्पर मोबाईलच्या दुकानात शिरल्या. दुकान वैजनाथचं, माझ्या नवऱ्याच्या वर्गमित्राचं. त्याचा मला फोन.

"वहिनी, मावशी आल्यात. त्यांना… म्हणजे तसलं आम्ही ठेवत नाही हो."

"फ्रेंच आहे तो," मी म्हणाले.

"मग तर अजिबातच नाही," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मला चीड याची, की ही बाई दुसरं काही मागतच नाही. दोन-अडीच तासांवर भंडारदरा. अर्धं संगमनेर उन्हाळ्यात काजवे बघायला तिकडे जाऊन येतं. आम्ही गाडी काढली की यांचे गुडघे दुखायला लागतात. तेच गुडघे बाजारातून वैजनाथच्या दुकानात जाताना कुरकुरले नव्हते.

यंदा एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, डावा गेलाच, उजवाही फार दिवस राहायचा नाही. घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "दिसतंय तवर त्येवढं बगून घिऊ. न्हाईतर कावळा तुमाला उनात उभं करील बग."

मग मात्र माझी सुट्टी मी त्या सिनेमाला वाहिली. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. मे महिना हाच काय तो माझा. तो मी कॉलेजच्या ग्रंथालयात धूळ खात घालवला. जुन्या कार्यक्रमपत्रिकांच्या गठ्ठ्यात एक पिवळा कागद सापडला, त्यावर सिनेमाचं फ्रेंच नाव होतं. ते इंटरनेटवर शोधायला आणखी आठ दिवस.

शेवटी एका दुपारी खिडकीला गोधडी लावली आणि टीव्हीसमोर सासूबाईंना अगदी पुढ्यात बसवलं. नाना, म्हणजे माझे सासरे भीमाजी, बाहेर ओट्यावर आडवे झाले होते. त्यांना या सिनेमात कधीच रस नव्हता.

आणि माझ्या लक्षात आलं की मी फसले आहे. बोलणं फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी. ती वाचून मराठीत सांगणार कोण? मी. सांगायचं कुणाला? सासूला! छपरावरचा माणूस बाईजवळ आला आणि अगदी हळू काहीतरी बोलला. खाली उमटलं, रात्रभर मला तूच हवीशी वाटत होतीस.

"काय म्हनतोय?"

"चहा घेणार का, विचारतोय."

"आन ती?"

ती म्हणत होती, असं बोलू नका, मला झोप लागणार नाही. "ती म्हणतेय, नको, झोप लागत नाही."

सासूबाईंनी मान वळवून उरल्यासुरल्या उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. "चहासाठी कुनी असं बगतं व्हय? माझे डोळं गेल्यात, अक्कल न्हाई. खरं सांग."

मग मी खरं सांगितलं. भिंतीकडे बघत, वर्गात धडा वाचावा तसं, एकेक वाक्य. कानशिलं तापली माझी. त्या मात्र मधूनच "हं" म्हणत ऐकत होत्या.

होडी आली. हात पुढे आला. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

बाई होडीत बसली.

होडी लांब गेली. पडद्यावर नुसती फळी आणि तिच्यावर राहिलेल्या चपला, कितीतरी वेळ. उन्हं उतरल्यावर बाई परत आली. तिनं झग्याचं ओलं टोक पिळलं, चपला घातल्या, घरी गेली. नवरा नुकता उठला होता. सगळे जेवायला बसले. पुढे महिना संपला, सामान गाडीत भरलं, आणि ते आपल्या गावी गेले.

"परत आली व्हय गं?"

"आली."

"कुनी काय म्हनलं न्हाई?"

"नाही."

"मंजी," सासूबाई थांबत थांबत म्हणाल्या, "बसून बी परत येता येत हुतं."

मला आधी कळलं नाही. मग त्याच बोलल्या, दाराकडे बघून, आवाज खाली आणून. "आसारामानं बी असाच हात फुडं केल्ता. त्याच हप्त्यात. कॉलेजची जीप घिऊन आल्ता. म्हनला, छबू, चल, भंडारदरा दावतो, सांजच्याला आनून सोडतो. लई वाटत हुतं जावं. पन म्या म्हनलं, गेले तर परत कशी यीन?"

मला त्या प्राचार्यांचा असा संताप आला! अकरा वर्षं उगीच या बाईवर चिडत होते मी. अर्धाच तास उरला होता सिनेमाचा. चालू दिला असता तर काय बिघडलं असतं त्यांचं?

"आई, उद्या जाऊ भंडारदऱ्याला," मी म्हणाले. "मी आणते गाडी."

सासूबाई काही बोलायच्या आत ओट्यावरून नानांची हाक आली. "अगं ए, चहा टाकती का न्हाई?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि भिंत चाचपत उठल्या.

"हे मातर खरंच चहा मागत्यात," त्या म्हणाल्या.