ब्रेक न मारणारी कुंदा

फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून तेराचा पाढा म्हणून घेत होते. कुंदाची सून प्राजक्ता बोलत होती. "मावशी, आज चार वाजता नका येऊ…" एवढं म्हणून ती थांबली, आणि मग म्हणाली, "आत्ताच या." पुढचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोरं पाढ्यात अर्ध्यावर अडखळली होती. मी त्यांना तो शेवटपर्यंत म्हणायला लावला आणि मग पर्स उचलली. काहून लावला, ते मलाही सांगता येत नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

तिच्या शेवटच्या पाच महिन्यांत मी रोज चार वाजता तिच्याकडे जात होते, आणि कशाला, तर टीव्हीसमोर बसून मोटारीच्या शर्यतीचा गेम खेळायला. पन्नाशी ओलांडलेल्या दोन बाया असलं काही करतात हे ऐकून माझी जाऊ तोंडाला पदर लावून हसली होती. हसू दे. तिला कुंदासारखी मैत्रीण नाही, त्याला मी काय करणार?

कुंदा काटोलची. घरी संत्र्याची बाग, बाप रोखठोक आणि पोरगी बापाच्या वरताण. कॉलेजसाठी ती रोज एसटीने नागपूरला यायची. आमची ओळख बर्डीच्या बाजारातल्या टायपिंगच्या क्लासात झाली. क्लास सुटला की तिच्या बसला तासभर अवकाश असायचा. एक दिवस ती मला एका गल्लीतल्या तळघरात घेऊन गेली. तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आतून नुसता धडाम-धुडूम आवाज आणि सगळी पोरंच पोरं. मी जिन्यातच थांबले.

"काहून थांबली वं? तुले कोणी खाते काय?"

"अगं, सगळी मुलंच आहेत आत."

"मंग? गेम काय त्यायच्या बापाचा आहे?"

आणि ती सरळ आत शिरली. कोपऱ्यात खऱ्या गाडीसारखी सीट, स्टिअरिंग, गिअर असलेली लाल मशीन होती, तिच्यात जाऊन बसली. सगळं पार्लर तिच्याकडे पाहायला लागलं. "काय पाहून राहिले गा?" तिने विचारलं. "कधी बाई पाहिली नाही काय?" अठरा वर्षांची होती तेव्हा! पहिल्या दिवशी मिनिटभरात तिची गाडी उलटली. दिवाळीपर्यंत मात्र तिथल्या एकाही पोराची तिच्यापुढे जायची टाप उरली नव्हती.

त्या रेसमध्ये पाच टप्पे होते. पाचवा घाटाचा, आणि घाटाच्या शेवटी एक असं वळण की गाडी दरडीवर आपटलीच म्हणून समजा. त्याच्या पलीकडे रेस संपायची म्हणे. म्हणे, कारण आमच्या पार्लरात ते वळण कोणीच कधी पार केलं नव्हतं. पायाशी दोन पेडल होते. उजवा दाबला की वेग वाढायचा, डावा दाबला तर काहीच व्हायचं नाही. मालक म्हणजे जरीपटक्याचे एक सिंधी काका. ते गल्ल्यावरूनच सांगायचे, "बेटा, वो पेडल शो का है." आम्ही मानलं. सगळ्यांनीच मानलं. वळण आलं की पाय उचलायचा, गिअर पाडायचा आणि अख्खं अंग एका बाजूला झोकून द्यायचं. कुंदा तर अशी कलायची की तिची वेणी बाजूला उभ्या पोराच्या तोंडावर बसायची. त्या वळणाच्या सगळ्यात जवळ तीच पोचायची, आणि रोज तिथेच आपटायची. बसस्टँडकडे जाताना हमखास विचारायची, "त्याच्या पलीकडे काय असन वं, वैजू?" मग कॉलेज संपलं, आणि पार्लरच्या जागी रेडिमेड कपड्यांचं दुकान आलं.

ती लग्न होऊन नागपुरातच राहिली आणि पुढे बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. ज्या बायांना नवऱ्याने गाडीची किल्लीसुद्धा हाताळू दिली नव्हती, त्यांना तिने रिंग रोडवर ट्रकांमधून गाडी काढायला शिकवलं. माझ्यासारख्या घाबरटालाही शिकवलं. मी क्लचवर रडायची आणि ती शेजारी बसून शेंगदाणे खायची. तिचा पहिला धडा सगळ्यांना एकच. "पहिले ब्रेक ओळख. गाडी चालवता नाही आली तरी चालते, थांबवता आली पाहिजे."

डॉक्टरांनी आता औषधांचा उपयोग नाही असं सांगितलं, तेव्हा नातेवाइकांची रीघ लागली. हातात शहाळी आणि चेहरे पडलेले. कुंदाने चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी सगळ्यांना वाटेला लावलं. मलाही सोडलं नाही. "काम असन तं ये. पाहायले येऊ नको." मी फणफणत घरी आले. दोन दिवस डोकं खाजवलं, पण जायला निमित्त काही सापडेना.

निमित्त दिलं प्राजक्ताने. आमची ती जुनी रेस कंपनीने पुन्हा बाजारात आणली होती, आता घरच्या टीव्हीवर खेळता यावी अशी. तीच लाल गाडी, तोच घाट. सासूच्या तोंडी हजारदा ऐकलेला गेम म्हणून पोरीने तो मागवला, सोबत टेबलाला बसवायचं स्टिअरिंग आणि पेडलही. कळल्यावर मी तशीच पोचले. म्हटलं, "कुंदे, ते वळण राहिलं आहे आपलं. पूर्ण करायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे झालं काम," म्हणाली. "रोज चारले येत जा."

पहिल्याच दिवशी मज्जा झाली. कुंदाची गाडी घाटात सुसाट निघाली आणि मागे उभी प्राजक्ता ओरडली, "आई, ब्रेक मारा ना!"

"कोणता ब्रेक?"

"अहो, तो डावा पेडल!"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. प्राजक्ताने खाली वाकून हाताने पेडल दाबला. पडद्यावरची गाडी किंचाळत थांबली. मग कुंदा जी हसायला लागली… ठसका लागेपर्यंत हसली. "शो का है म्हणे! मशीन बिघडेल होती त्याची! नागपुरातल्या साऱ्या पोरायले बिनब्रेकची गाडी चालवायले लावली त्या काकानं!" डोळे पुसून झाल्यावर मात्र गंभीर झाली. "पण मी नाही मारणार. तेव्हा नाही मारला, तं आता काहून मारू? मले तसंच जायचं आहे."

मी म्हटलं, "अख्ख्या नागपूरच्या बायांना ब्रेक शिकवला तू, आणि…"

"ते रस्त्यावर वं. हे बर्डी आहे."

प्राजक्ता म्हणाली, शेवट काय आहे ते मोबाइलवर दाखवते. तर कुंदा तिच्यावर डाफरली. तिला स्वतः गाडी नेऊन पाहायचं होतं, दुसऱ्याचं पाहिलेलं नको होतं.

मग रोज चार वाजता आम्ही बसायचो. पाठीला उशी, शेजारी चहा. मी शाळेतल्या गमती सांगायची, ती गाडी आपटायची आणि मशीनला शिव्या घालायची. आधी पाच-सहा डाव व्हायचे, मग दोन, मग एकच. स्टिअरिंगवरचे तिचे हात बारीक होत गेले. दुखतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. मी कामाला आले होते ना! शेवटच्या दिवशीही ती वळणापर्यंत पोचली, आपटली आणि म्हणाली, "उद्या. उद्या नक्की."

ती गेल्यावर मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटत होतं. एवढी हिमतीची बाई, आणि एक साधी गोष्ट पाहायची होती ती राहून गेली. जो भेटेल त्याला मी हेच सांगत होते.

तेरावं झाल्यावर प्राजक्ताने मला थांबवून घेतलं आणि टीव्ही सुरू केला. पडद्यावर नावांची यादी आली. सगळ्यात वर के यू एन, आणि पुढे पाचही टप्पे पूर्ण.

"हे कधी?"

"आई जायच्या महिनाभर आधी. सकाळी. तुम्ही शाळेत होता."

"ब्रेक?"

"मारला. एकदाच."

मी हसलेच. बरोबर आहे, मला कळलं असतं तर मी चिडवून चिडवून तिला जगू दिलं नसतं. "काय होतं गं पलीकडे?"

"समुद्र. गाडी किनाऱ्याला जाऊन थांबते. आई म्हणाल्या, 'एवढंच?' आणि चहा मागितला."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर महिनाभर, रोज, माझ्यासमोर ती गाडी मुद्दाम दरडीवर नेऊन आदळत होती. शिव्यांसकट! तिसरीतल्या पोराची थाप मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखते, पण हिची ओळखता आली नाही. "काहून केलं असं तिने?" मी विचारलं.

प्राजक्ताने टीव्ही बंद केला. "मीही विचारलं होतं, मावशी. म्हणाल्या, 'सांगू नको वैजूले. रेस संपली तं ती कायले येईन?'"

मला राग आला. खरंच सांगते, अजूनही आहे. चौतीस वर्षांची मैत्रीण, आणि तिला एवढं कळू नये? आणि मी तरी… पाच महिने तिच्या शेजारी बसले, जगभराचं बोलले, आणि जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून दिलं. प्राजक्ता टेबलावरचं स्टिअरिंग काढायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे. कुंदाची खुर्ची तशीच आहे, उशीसकट, तिच्या लांब पायांच्या हिशेबाने मागे सरकवलेली. मी तिच्यात बसले, तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. रिकाम्या स्टिअरिंगवर हात ठेवून मी मोठ्याने बोलले, आत स्वयंपाकघरात प्राजक्ताला ऐकू गेलं तरी जाऊ दे म्हटलं.

"येडे, मी तुह्यासाठी येत होते वं."