बाईचे हात

नव्या कापडाच्या खळीचा वास उन्हाळ्याच्या दुपारी अधिकच दाट होतो. वैशाखातल्या पांढऱ्या उन्हाने आदिलाबादचा बाजार निर्मनुष्य केलेला असे, आणि आमच्या कापडाच्या दुकानात त्या खळीच्या वासाला तापलेल्या मोटारीच्या तेलाचा वास येऊन मिळे. तो वास बाईचा. बाई म्हणजे माणूस नव्हे. ऐंशीच्या दशकात माझ्या सासऱ्यांनी हैदराबादहून आणलेली, माणसाएवढ्या उंचीची, विजेवर चालणारी बाहुली. ती दारात उभी राहून हात जोडायची, मान लववायची, आणि मान लवताना तिच्या पापण्या अशा काही हळुवार मिटायच्या, की खेड्यांवरून आलेली म्हातारी माणसं तिला उलट नमस्कार करूनच आत शिरत. तेलुगू गिऱ्हाइकांची पोरं तिला 'बोम्मा', म्हणजे बाहुलीच, म्हणत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला पहिल्याच दिवशी 'बाई' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं.

मला मात्र त्या घरात नाव मिळालं नाही. पांढरकवड्याहून लग्न होऊन आले, ती कायमची 'पांढरकवडेवाली' झाले. "ए पांढरकवडेवाली, पाणी काऊन नाई भरलं वं?" या हाकेने दिवस उजाडे आणि तशाच एखाद्या हाकेने मावळे. आत्याबाईंचं तोंड म्हणजे अडकित्ता. मला मूल झालं नाही तेव्हा तर त्याला धारच चढली. मीही काही मुळूमुळू रडणाऱ्यातली नव्हे, मनातल्या मनात एकाला चार सुनावत असे. पण खरं सांगते, त्या म्हातारीकडून मला एक मऊ शब्द हवा होता. माझी आई मला आठवतसुद्धा नाही, इतक्या लहानपणी गेली. कुणीतरी आपल्याला 'माय' म्हणून जवळ घ्यावं, ही हाव मी सासरी येताना सोबतच घेऊन आले होते. लाज वाटावी इतका हवा होता मला तो शब्द.

आणि तो शब्द दारातल्या बाहुलीला रोज फुकट मिळत होता! भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करण्यात आत्याबाईंचा हात धरणारं सबंध गल्लीत कुणी नव्हतं. लोखंडी तिवईवर पितळी मुखवटा चढवून, निऱ्यांची अशी चापूनचोपून घडी बसवीत की त्या रिकाम्या लुगड्यात खरोखर कुणी श्वास घेत असल्यासारखं वाटे. माहेरपण संपवून महालक्ष्म्या निघाल्या की आत्याबाई ढसाढसा रडत, आणि डोळे पुसून झाले की माझ्यावर खेकसत. आता तर त्यांना कधीच सासरी न जाणारी महालक्ष्मी मिळाली होती. त्या रोज सकाळी तिला नवं लुगडं नेसवीत, गंगावणाची वेणी घालीत, कपाळी कुंकू रेखीत. तिच्या गालाचा रंग उडाला तेव्हा निर्मलहून लाकडी खेळणी रंगवणारा कारागीर बोलावून त्यांनी तिचा चेहरा पुन्हा रंगवून घेतला. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी तिची उतरलेली लुगडी धुवायचं काम माझ्याकडे आलं.

वीज गेली की बाई होती तशी थबके, कधी हात अर्धे जोडलेले, कधी मान वाकलेली. आत्याबाई माजघरातून धावत येत. "अवघडली असन वं माय," असं पुटपुटत तिचे हात खाली आणून ठेवीत, तिची पाठ चोळीत. मी त्याच दुकानात सकाळपासून उभी राहून कापडाची थानं उलगडत असे. माझ्या पाठीचं कुणाला काय!

एका संक्रांतीचं हळदीकुंकू मला आजही जसंच्या तसं दिसतं. माजघरात बायका दाटीने बसल्या होत्या; तीळ भाजल्याचा खमंग वास, हळदीचा पिवळा उजेड, बांगड्यांची किणकिण. आत्याबाई खण-नारळाचं ताट घेऊन एकेकीची ओटी भरीत माझ्यापर्यंत आल्या. मी पदर पसरला. त्या क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "वांझेच्या पदरात कायले तांदूळ नासवायचे?" आणि ताट घेऊन सरळ पुढे, दुकानातून आत आणून, वीज जोडून भिंतीशी उभ्या केलेल्या बाईकडे गेल्या. तिच्या पदरात त्यांनी खण-नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले, आणि गहिवरून म्हणाल्या, "लेकुरवाळी हो माय." नेमके तेव्हाच बाईचे हात जोडले जायला वर उचलले गेले आणि सगळे तांदूळ सांडले, नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. माझा पदर अजून पसरलेलाच होता. तांदूळ मलाच वेचावे लागले.

नव्वदच्या पुढे बाजाराची कळा बदलली. दुकानाला काचेची दारं लागली, सासरे गेले, आणि बाईची मोटार जळाली ती जळालीच. तसला भाग आता मिळत नाही, असं मिस्त्री म्हणाला. माझे पती तिला भंगारात द्यायला निघाले होते. पण तोवर अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाईंनी वाकड्या तोंडाने असा आकांत मांडला की बाईला उचलून त्यांच्या खोलीत, पलंगासमोर उभं करावं लागलं. आता त्यांना न्हाऊ-माखू घालणारी मी, भरवणारी मी, आणि त्यांचे डोळे आठही प्रहर त्या रंगवलेल्या चेहऱ्यावर.

कार्तिकातली एक सकाळ होती. कोवळं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं, बाहेर कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघाल्या होत्या आणि हवेत तरंगणारी रुईची तुसं त्या उन्हात चमकत होती. मी ज्वारीच्या कण्या घेऊन बसले, तर आत्याबाई तोंड उघडीनात. "बाई हात काऊन नाई जोडत? रुसली का माह्यावर? तिनं हात जोडल्याबिगर मी खात नाई." समजावलं, रागावले, कण्या निवत चालल्या. शेवटी चिडून उठले, बाईच्या मागे गेले, तिच्या पदराखालून हात घालून तिची कोपरं धरली आणि वर उचलली. आतली सळई कुरकुरली. बाईने हात जोडले.

आत्याबाईंचा चेहरा उजळला ते मला तिच्या खांद्यावरून दिसलं. "दमली असशीन वं माय," त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की माझ्या अंगावर काटा आला. "साऱ्या जलमाची उभी हायेस. हात दुखले असतीन तुहे."

दुखत होते हो, माझे दुखत होते! आणि एकाएकी असा काही संताप उसळला की मी कोपरं सोडून दिली. बाईचे हात धपकन खाली पडले. पुन्हा उचलले नाहीत. बघू दे वाट, म्हटलं. मी काय कमी पाहिली?

आत्याबाई त्या पडलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "राग आला का माय माहा?"

"आला," मी मागून म्हणाले. "लय आला."

गाड्यांच्या बैलांची घुंगरं वाजत दूर गेली. आत्याबाईंच्या धड बाजूच्या डोळ्यातून पाणी ओघळून उशीवर पडलं. "चुकलं वं माय," त्या म्हणाल्या. "लय छळलं तुले."

बाईला तर त्यांनी जन्मात कधी छळलं नव्हतं. मी तिच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिले. त्या थंड, पोकळ पाठीशी माझा श्वास मलाच ऐकू येत होता. मग पलंगावरून तोच जुना करकरीत आवाज आला, "ये आता समोर, पांढरकवडेवाली. कण्या थंड्या झाल्या."

म्हणजे मी तिथे आहे, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. समोर आले, घास भरवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आणि चमचा पुढे करताना मला वाटून गेलं, की उलटून कधीच काही न विचारणाऱ्या एखाद्या चेहऱ्याशिवाय काही माणसांना माया करताच येत नसेल. किंवा तेवढीच माया त्यांच्यापाशी असते आणि बाकीचं मी माझ्या हावेपोटी जोडलं, कोण जाणे. माझ्या तोंडावर त्या मला शेवटपर्यंत पांढरकवडेवालीच म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून कण्या भरवण्याआधी मी रोज बाईच्या मागे जाऊन उभी राहू लागले.