मागून घेतलेलं दुखणं

मुंबईच्या डॉक्टरांनी सुलोचनाचा, माझ्या पत्नीचा, एक्स-रे उजेडासमोर धरला आणि ‘मेटास्टॅसिस’ म्हणाले. म्हणजे रोग मूळ जागेवरून दुसरीकडे पसरणे. गर्भाशयाचा कॅन्सर मणक्यात पोचला होता. रेडियमचे उपचार करून झाले होते.

“आता घरी न्या. दुखणार नाही एवढे पाहता येईल.”

मालवणला आलो. तेवढेही होईना. ती खाटेची कड धरून पडे, मी ओटीवर येरझारा घाली. गावचे डॉक्टर मॉर्फिया, म्हणजे अफूपासून केलेले वेदना शमवणारे औषध, घेऊन येत आणि तसेच परत जात. सुलोचना दंड पुढे करीना.

मी वाचलेले सगळे युक्तिवाद केले. त्यांनी दुखणे कमी झाले नाही, फक्त माझा आवाज चढला. शेवटी डॉक्टरांनीच तिला विचारले, “बाई, भीती कशाची?”

“झील ल्हान आसताना टायफॉइडान मराक टेकललो. देवीक सांगितलंय, त्याचा दुखणा माका दी. आता सुयेन हाकललंय तर ता परत त्याच्याकडे जातला.”

आमचा मुलगा तेव्हा मुंबईला नोकरीत होता, ठणठणीत.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, “सोसल्याने कॅन्सर मागे हटत नाही. पण हे माझ्याकडून तिला पटायचे नाही. घाडीला बोलवा.”

घाडी म्हणजे देवीपुढे गाऱ्हाणे घालणारा. त्याने अंगणात नारळ ठेवला आणि आधी साऱ्या देवांची नावे मानाप्रमाणे घेतली, उद्घाटनाला पाहुण्यांची घेतात तशी. वाडीतली गुरेही सुखी ठेवायला सांगितली. मी उन्हात चुळबुळत उभा. मग तो मुद्द्यावर आला.

“आई, हिना झिलाचा दुखणा घेतला, भोगला. आता हिका मोकळी कर, झिलाक सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा,” शेजारी म्हणाले.

आतून सुलोचनाचा आवाज आला, “तुमी गप कित्याक? मोठ्यान म्हणा. देवीक तुमचो आवाज वळखीचो नाय.”

“व्हय म्हाराजा,” मी ओरडलो.

त्याच दुपारी तिने इंजेक्शन घेतले. झोपली. उठून पेज मागितली आणि बांगडे शिळे आणल्याबद्दल मला बोलली. पुढचे काही महिने तिला असे मिळाले, मग ती गेली.

डॉक्टरांचे आणि घाडीचे उपकार मी विसरत नाही. तुमच्या घरी कोणी औषध नाकारले, तर वाद घालण्याआधी भीती विचारा.

माझे म्हणाल तर देवावर विश्वास अजून बसलेला नाही. पण त्या महिन्यांत पोस्टाचा तारवाला रस्त्याने दिसला की, मुंबईहून मुलाची तर तार नसेल ना म्हणून, मी ओटीवरून उठून उभा राहायचो, आणि तो पुढे गेल्याशिवाय बसत नसे.