चिंचोके मोजून काढलेलं हॉटेल

मी आयुष्यात एकच हॉटेल काढलं आणि ते उघडण्याच्या आधीच बंद केलं.

कंपनीच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं नटबोल्ट मोजून झाल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि तिसऱ्याच दिवशी मला उद्योजक झाल्यासारखं वाटू लागलं. (घरी रिकामा बसलेला माणूस आणि उद्योजक यांच्यात बाहेरून फारसा फरक दिसत नाही.) परंदवडीत आमचं भाताचं खाचर थेट रस्त्याला लागून आहे. तिथे मुरमाचा भराव टाकायचा, पत्र्याची शेड मारायची आणि 'चुलीवरचं मावळी जेवण' सुरू करायचं! बेत तयार होता.

खाचर माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं. त्यांनी आणि आईने डोक्यावरून दगड वाहून त्याचे बांध घातले होते. आई गेली, पण आबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिथे दरसाल इंद्रायणी भात लावत होते.

"मुरूम पडला की खाचर मेलं, सिद्धा," आबा म्हणाले. "पर तुजं चालत आसंल, तर टाक."

एवढ्या मोठ्या वाक्यातलं मी फक्त 'टाक' तेवढं घेतलं.

माझी बायको सुजाता तळेगावला एका दवाखान्यात नर्स आहे. तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही हा तिचा नियम, आणि तो घरातही लागू असतो. "आधी लोकांना विचारून बघा," ती म्हणाली. "मग काय ते बांधा."

"विचारतो की! त्यात काय!"

संधी लगेच आली. मेव्हण्याने देहूरोडला फ्लॅट घेतला होता. बुद्धवंदना झाली, पंगत बसली, आणि मी वही घेऊन पंगतीतून फिरू लागलो. "चुलीवरच्या जेवणाचं हॉटेल काढलं तर याल का?" आता हातात खिरीची वाटी असलेला माणूस नाही कशाला म्हणेल? "लय भारी!" "यायचं म्हंजे काय, मुक्कामालाच येतो!" एक काका तर गल्ल्यावर बसायलाही तयार झाले. बत्तीस जणांना विचारलं, बत्तीस होकार!

सुजाताने वही उलटसुलट करून पाहिली. "बरं वाटतंय का असं विचारलं की माझे सगळे पेशंट हो म्हणतात."

"बघ! म्हणजे..."

"म्हणजे त्यांना घरी जायचं असतं. ही सगळी आपलीच माणसं आहेत हो. तोंडावर नाही कोण म्हणणार? अनोळखी माणूस थांबतोय का ते बघा."

मी काही हटणारा नव्हतो. खाचराच्या कडेला मोठा बोर्ड ठोकला: 'चुलीवरचं मावळी जेवण. लवकरच!' किती गाड्या थांबतात ते मोजायचं आणि मग ठरवायचं. मोजायला आबांना बसवलं, कारण ते दिवसभर तिथल्या चिंचेखाली असतातच.

"आबा, गाडी थांबली की डब्यात एक चिंचोका टाकायचा."

"निस्ती थांबली तरी?"

"थांबली की टाकायचा. जास्त विचार करायचा नाही!"

(हे वाक्य मी त्यानंतर आजतागायत कुणापुढे उच्चारलेलं नाही.)

पहिल्या रविवारी डब्यात एक्केचाळीस चिंचोके निघाले! मी स्टोअरचा माणूस, दोनदा मोजले. सोमवारी बावीस, मंगळवारी सव्वीस. आबांचा मात्र घसा बसत चालला होता.

"काय झालं हो आबा?"

"लय माणसं येत्यात रं. येकेकाला समदं नीट सांगावं लागतंय."

मला गहिवरून आलं. हॉटेलचा अजून खांब नाही आणि म्हातारा घसा फोडून जाहिरात करतोय! मी कागदावर आठ टेबलांची चौदा टेबलं केली, मेनूत मटण वाढवलं, आणि पुढच्या रविवारी मुरूम टाकायला सांगून मोकळा झालो. सुजाताची त्या आठवड्यात जादा ड्युटी होती, त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी पहिली ट्रॉली वरच्या कोपऱ्यात रिकामी झाली. आबा खाचराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसले. सुजाता सुट्टीवर होती, ती सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. तेवढ्यात करकचून ब्रेक लागला आणि एक पांढरी गाडी बोर्डाखाली थांबली.

मी धावलो. "या, या! लवकरच! लवकरच!"

काच खाली आली. "भैया, एक्सप्रेसवे किधर से लगेगा?"

मी काही बोलायच्या आत आबा उठले. "सीधा जाने का! पिंपळ के झाड से डावीकडे मारने का, फिर उर्से का टोलनाका आयेगा!" गाडी गेली. आबांनी शांतपणे डब्यात चिंचोका टाकला.

मी म्हटलं, असेल एखादी चुकलेली. दुसरी गाडी आली. एक्सप्रेसवे! चिंचोका. तिसरी आली. एक्सप्रेसवे! चिंचोका. तोवर मुरमाची दुसरी ट्रॉली बांधाला लागली होती. सुजाताने चहाची किटली खाली ठेवली आणि ट्रॅक्टरसमोर हात आडवा करून उभी राहिली. वॉर्डात घुसणाऱ्या नातेवाइकांना ती अशीच थांबवते. ट्रॅक्टरवाल्याने इंजिनच बंद केलं.

"आबा," मी विचारलं, "ह्या सगळ्या गाड्या रस्ता विचारायला थांबत होत्या?"

"मंग? फोनमधली बाई समद्यांना हितं आणून सोडती आन् गप बसती."

"जेवणाचं एकानेही विचारलं नाही?"

"इचारलं की येकानं. म्हनला, बाबा, हितं जेवाय चांगलं कुटं मिळंल? मी त्याला सोमाटण्याला धाडला."

"बोर्डाखाली उभा होता ना तो?"

"व्हय. पर आपलं हाटेल कुटं हाय अजून? उपाशी मानसाला खोटं कसं सांगायचं?"

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"थांबल्याली मोज म्हनलास, मोजली. का थांबली त्ये इचारलंस कवा?" मग आबा जरा हळू बोलले. "आन् मी बोललो आसतो तर तुला वाटलं आसतं, म्हाताऱ्याचा जिमिनीत जीव आडकलाय. तुज्या आड न्हवतं यायचं मला."

मी गेलो आणि घमेलं घेऊन आलो.

एक ट्रॉली मुरूम टाकायला एक मिनिट लागतं. वेचायला मला वीस दिवस लागले! येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय सिद्धार्थभाऊ, हाटेल कवा?" आणि चिंचेखालून आबा उत्तर द्यायचे, "पाया खनतोय त्यो!"

विचारून बघावं हे सुजाताचं म्हणणं खरंच होतं. मीही विचारलं होतं, पण हो ऐकायला विचारलं होतं. बत्तीस होकार आणि दोन डबे चिंचोके घेऊन मी आईच्या हातचे बांध गाडायला निघालो होतो. सुजाताने हात आडवा केला नसता तर आज मी चौदा रिकाम्या टेबलांवर फडकं मारत बसलो असतो. तिचे आणि आबांचे उपकार मी मानतो, अगदी मनापासून. (सुजाताला हे तोंडी सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.)

त्या साली खाचरात इंद्रायणी लागली. वरच्या कोपऱ्यातलं भात तेवढं खुरटं राहिलं. आबांनी ते मुद्दाम वेगळं कापलं, वेगळं झोडलं, गिरणीतून वेगळं करून आणलं, आणि पहिला वाफाळता भात माझ्या ताटात वाढला.

"घे. तुज्या हाटेलातला हाय."

आबा आणि सुजाता माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी मोठा घास घेतला आणि दाताखाली कचकन खडा आला. हॉटेलात असा खडा लागला की माणूस मालकाला बोलावून फैलावर घेतो. मी "वा!" म्हणालो आणि मुकाट्याने गिळला.