मगदूम सरांच्या नावावर लागलेली चूक

मगदूम सरांची आणि माझी पहिली भेट शाळेत झाली नाही आणि मैदानावरही झाली नाही. ती झाली एका अर्धवट बांधलेल्या घरापुढे. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कॉलेज सोडून गवंड्याच्या हाताखाली राबत होतो. खालचा गडी वीट वर फेकायचा, मी पहिल्या मजल्याच्या कडेला बसून ती झेलायचो. रस्त्यावर एक गृहस्थ सायकल धरून बराच वेळ उभे होते. पांढरा सदरा, पांढरी पँट, डोक्यावर टोपी. मला वाटलं, घरमालकांच्यापैकी कुणीतरी असतील.

"पावणं, कवाधरनं काय बघतायसा?" मी वरूनच विचारलं.

"तुझं हात बघतोय. एवढ्या इटा आल्या, एक पडू दिली न्हाईस. बेसबॉल खेळणार काय?"

"ते काय असतंय?"

"संध्याकाळी ये की मैदानावर. दावतो."

त्या संध्याकाळी मी गेलो तो पुढची आठ वर्षं जातच राहिलो. बाळगोंडा मगदूम सर यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या या गौरवग्रंथात मी, सुधाकर कांबळे, त्यांच्या संघाचा झेलकरी, म्हणजे फळीवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा, म्हणून चार शब्द लिहितो आहे. गौरवलेखात आनंदाच्या गोष्टी लिहायच्या असतात हे मला ठाऊक आहे. माझ्याजवळ त्या फारशा नाहीत, त्याबद्दल वाचकांनी मला माफ करावं.

सर शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी घरातले. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवलं. तरुणपणी प्रशिक्षणाच्या वेळी त्यांना बेसबॉलच्या नियमांचं एक पुस्तक मिळालं होतं. त्याचं त्यांनी स्वतःच्या अक्षरात मराठी करून ठेवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर ती वही घेऊन ते मुलं शोधत शहरभर फिरले. बेसबॉलच्या संघटनेला खेळाडू हवे होते ते कॉलेजचं ओळखपत्र असलेले. सरांना मिळाले आमच्यासारखे. कुणी लेथवर काम करणारा, कुणी दुधाच्या किटल्या वाहणारा, कुणी रिक्षा चालवणारा. संघटनेनं आम्हांला घेतलं नाही. सरांनीही आम्हांला टाकलं नाही. मग आमचा संघ स्वतंत्रच राहिला. यात्रा, गणेशोत्सव, एखाद्या कारखान्याचा वर्धापनदिन, अशी आम्हांला तमाशासारखी सुपारी मिळायची. प्रेक्षणीय सामना खेळायचा, मानधन सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं आणि एसटीनं परत यायचं. आमच्या प्रमाणपत्रावर कुणाचाच शिक्का नसायचा. म्हणून गावात आम्हांला बिनशिक्क्याची टीम म्हणत.

हा लहानसा इतिहास आज कुणाला सांगितला तर खरा वाटत नाही. आम्ही पैसे घेऊन खेळत होतो, म्हणजे व्यावसायिक होतो, पण त्यातलं एकही नाव कुठल्या कागदावर नाही. जे काही आहे ते सरांच्या वहीत आहे.

सरांच्या तत्त्वांबद्दल या ग्रंथात इतरांनी लिहिलंच असेल. मी दोनच गोष्टी सांगतो. सर चामडं वापरत नाहीत. आमच्यासाठी त्यांनी चामड्याचे हातमोजे आणले, त्यात कधी कुरकुर केली नाही. स्वतःसाठी मात्र एका शिंप्याकडून तंबूच्या कापडाचा मोजा शिवून घेतला होता, आत कापूस भरून. त्या मोज्यानं चेंडू झेलताना त्यांच्या डाव्या हाताची करंगळी एकदा मोडली. ती वाकडीच राहिली. ज्यांनी सरांना नमस्कार करताना पाहिलं आहे, त्यांना ती ओळखीची असेल.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. सर सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आमचा सराव कामं सुटल्यावर सुरू व्हायचा आणि दिसेनासं होईपर्यंत चालायचा. एकदा निरोप द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचा खेळ सुरू झाल्यापास्नं ह्यांचं रात्रीचं जेवण सुटलंय बघ. दिस मावळल्यावर येत्यात आणि तांब्याभर पाणीसुद्धा न घेता झोपत्यात." आठवड्यातले पाच दिवस, इतकी वर्षं. आम्ही मैदानाबाहेर मिसळ हाणायचो तेव्हा सर सायकलला टेकून आमच्याशी हसत बोलायचे, आणि आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं की हे का खात नाहीत.

आता खेळाविषयी. आम्ही सगळे गल्लीतल्या क्रिकेटवर वाढलेले. क्रिकेटमध्ये चेंडू मारला तरी पळायचं की नाही हे आपल्या मर्जीवर असतं. समोरचा पळू लागला तर हात वर करून "नको!" म्हणायचं, तो परत जातो. बेसबॉलमध्ये तसं नाही. चेंडू मैदानाच्या रेषांच्या आत मारला की पहिल्या तळाकडे पळायलाच लागतं. ही एक गोष्ट आमच्या अंगातून काढायला सरांना वर्षं लागली. ते आमच्या दोन्ही मुठींत नदीतले खडे द्यायचे आणि पळायला लावायचे. मूठ उघडली, खडा पडला, की पुन्हा पहिल्यापासून. "हात बंद आणि पाय सुरू," असं ओरडायचे. "मारला की पळ. इचारायचं न्हाय!"

नवं शतक लागल्यावर आमचं नशीब पालटेल असं एकदा वाटलं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी आमचा सामना पाहिला आणि त्यांना तो आवडला. कारखान्याचा स्वतःचा संघ करायचा, नऊच्या नऊ पोरांना कामावर घ्यायचं, असा विषय निघाला. अट एकच होती. वर्धापनदिनाला बाहेरगावचा एक नावाजलेला संघ येणार होता, त्याच्यापुढे हरायचं नाही. "बरोबरी झाली तरी बास," अध्यक्ष म्हणाले, "पण संचालकांच्या म्होरं माझं नाक कापू नका." आमच्यातल्या कुणाचं लग्न ठरायचं थांबलं होतं, कुणाच्या घरी म्हातारे आईबाप होते. दस्तगीर शिकलगार आमच्यात सगळ्यांत वेगवान. तो लेथवर होता आणि लेथचं ते वर्कशॉप बंद पडत आलं होतं. त्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात तो दुसरं काही बोलतच नव्हता.

सामना शेवटच्या डावापर्यंत आला. आम्ही एका धावेनं मागे होतो. आमचा एक गडी बाद झालेला, आणखी दोन गेले की खेळ संपणार. तिसऱ्या तळावर, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, दस्तगीर उभा होता. तो घरच्या तळावर, मी फळी घेऊन उभा होतो तिथं, पोचला की बरोबरी. त्याच्या जवळच, रेषेबाहेर, पळ की थांब ही खूण करायला सर उभे होते. फळी माझ्या हातात होती.

मी मारलेला चेंडू नीट बसला नाही. घरंगळत गोलंदाजाकडे गेला. त्याच्या हातून तो सुटलाही. दस्तगीर निघाला होता, अर्ध्यावर आला होता. आणि मी जागेवर उभा राहिलो, हात वर केला आणि ओरडलो, "नको!"

दस्तगीर थांबला. सहा वर्षांचा आमचा भरवसा होता, मी थांब म्हटलं म्हणून तो थांबला. तो मागे वळेपर्यंत चेंडू त्यांच्या झेलकऱ्याच्या हातात गेला, त्यानं दस्तगीरला गाठून बाद केलं. मग त्यानं चेंडू पहिल्या तळावर फेकला, जिथं मी पळत पोचायला हवं होतं. मी अजून माझ्या जागीच उभा होतो. मीही बाद. सामना संपला.

मंडपातून अध्यक्ष खाली आले. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पळणाऱ्या पोराला थांबवलं कुणी?" मी तोंड उघडायच्या आत सर पुढे झाले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मी खूण केली, साहेब. माझा अंदाज चुकला."

"मास्तर, मग असल्या टीमवर नऊ घरं कशी उभी करायची मी?"

सर टोपी हातात धरून उभे राहिले. मी चार पावलांवर उभा होतो. हे मी केलं, असं मी म्हटलं नाही. दस्तगीर माझ्याकडे बघत होता.

विषय तिथंच मिटला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं की प्रशिक्षकाच्या चुकीच्या खुणेमुळे संघ हरला. चहाच्या गाड्यावर लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं पोरांचं वाटोळं केलं. ज्या घरांतल्या नोकऱ्या हुकल्या, त्या घरांतून सरांना नमस्कार करणं बंद झालं. संघ आणखी दोन वर्षं रखडत चालला. शेवटच्या सामन्याला आम्ही आठच जण आलो. नववा म्हणून कापडाचा मोजा घालून सर स्वतः उभे राहिले. त्यानंतर कुणी सुपारी दिली नाही.

संघ बंद पडल्यावर एकदा धीर करून मी संध्याकाळी सरांच्या घरी गेलो होतो. सर पडवीत जेवत होते. आता त्यांना वेळेवर जेवायला मिळत होतं. मी म्हटलं, "सर, मी सांगतो सगळ्यांना." त्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "तुझा हात मला दिसला होता की. मी तिथंच हुतो. 'पळ' म्हणून मी वरडायला पायजे हुतं, ते वरडलो न्हाय. मग चूक कुणाची?" मी म्हटलं, हे खरं नाही. "बरं, न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "तुझा नोकरीचा अर्ज गेलाय. तोंड मिटून बस."

तोपर्यंत सरांनीच मागं लागून माझी पदवी बाहेरून पुरी करून घेतली होती, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रमही. त्या अर्जासोबत त्यांचं पत्र होतं. "मैदानावर विश्वास टाकावा असा माणूस," असं त्यांनी लिहिलं होतं. त्या पत्रावर मला गगनबावड्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली. वर्षातले चार महिने आमचं मैदान पाण्याखाली असतं. मुलं वर्गातच बसतात, मी खिडकीशी उभा राहतो. त्या पत्राची आठवण झाली नाही असा पावसाळा अजून गेलेला नाही.

या ग्रंथासाठी लेख लिहा असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी जयसिंगपूरला जाऊन दस्तगीरला भेटलो. तो बाजारात पोती उचलतो. गुडघे गेले आहेत. इतक्या वर्षांत त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, मला एका शब्दानं विचारलंही नव्हतं. मी पत्र दाखवलं. त्यानं ते परत केलं आणि म्हणाला, "तू हात केलास, मी थांबलो. मला त्याचं काय न्हाय आता. पण सरांचं वय झालंय की रं. मेल्यावर लिहिणार हाईस व्हय?"

म्हणून लिहितो आहे. संपादकांनी सरांचा जीवनपट तपासायला पाठवला आहे. त्यात एक ओळ अशी आहे: "निर्णायक सामन्यात त्यांच्याकडून झालेल्या एका चुकीमुळे संघाचे भवितव्य हुकले, तरी ते खचले नाहीत." ही ओळ काढावी अशी माझी विनंती आहे. तिथं माझं नाव घालावं, पूर्ण नाव, आणि शाळेचं नावही घालायला हरकत नाही. शाळेत मी मुख्याध्यापकांना सगळं सांगून ठेवलं आहे.

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, करंगळी सोडून सगळं अंग ठणठणीत राहो, आणि काकूंच्या हातचं जेवण रोज उजेडात मिळो. सत्काराच्या दिवशी मी आणि दस्तगीर मागच्या रांगेत असू. हा लेख छापण्याआधी मी आपल्याला विचारलेलं नाही. आपण नको म्हटलं असतंत, आणि मी थांबलो असतो. आपल्याला राग येईल. त्या दिवशी कारखान्याच्या मैदानावर तो माझ्यावर यायला हवा होता, तो आता तरी येऊ द्या.